बर्फातल्या निवाऱ्याचे दार

म्युनिकमध्ये नोकरीनिमित्त राहणाऱ्या एखाद्या मराठी कुटुंबाला हिवाळ्यात मुलांना स्कीइंग शिकवावेसे वाटले, तर त्यांच्यापुढे दोन मार्ग असतात. एक हॉटेलचा. तो सोपा आहे, पण चार माणसांच्या आठवड्याभराच्या मुक्कामाला खिसा चांगलाच रिकामा होतो. दुसरा मार्ग क्लबचा. जर्मन आल्पाइन क्लबच्या म्युनिक शाखेचा अर्ज भरायचा, वर्षाची वर्गणी भरायची आणि सभासद व्हायचे. आई-वडील दोघेही सभासद असतील तर मुलांची वेगळी वर्गणी सहसा पडत नाही. मग शाखेच्या मालकीच्या डोंगरावरच्या निवाऱ्यात सवलतीच्या दराने राहता येते. या निवाऱ्यांना जर्मनमध्ये 'ह्यूटे' म्हणतात. शब्दशः अर्थ झोपडी. प्रत्यक्षात काही ठिकाणी दोन खोल्यांचे लाकडी घर, तर काही ठिकाणी शंभर माणसे झोपतील अशी तीन मजली दगडी इमारत. आपण त्यांना निवाराच म्हणू.

निवाऱ्यात राहण्याची एक रीत आहे. दारातच बूट काढायचे. झोपायला लांबलचक फळ्यांवर ओळीने गाद्या. अंगाखाली घालायची चादरीची पिशवी ज्याची त्याने आणायची. जिथे व्यवस्थापक नसतो तिथे लाकडे फोडणे, चूल पेटवणे, स्वयंपाक, भांडी, निघताना झाडलोट हे सगळे सभासदांचेच काम. वहीत नाव, आलेली वाट आणि जाण्याची वाट लिहायची, म्हणजे कुणी वेळेत परतले नाही तर शोध कुठे घ्यायचा ते कळते. अनोळखी कुटुंबांची मुले एका रात्रीत एकमेकांची होतात.

सभासदत्वाचा अर्जही साधा असतो. नाव, पत्ता, जन्मतारीख, बँकेचे खाते. अर्जदाराचा धर्म कोणता, आजी-आजोबा कोण होते, असे त्यात काही विचारत नाहीत. वाचणाऱ्याला त्यात विशेष काही वाटणारही नाही. परंतु याच म्युनिक शहरात १४ डिसेंबर १९२४ रोजी याच क्लबच्या पूर्वसंस्थेची खास सर्वसाधारण सभा भरली होती आणि हजारो सभासदांची एक अख्खी शाखा, ती मुख्यतः ज्यूंची आहे म्हणून, मतदानाने बाहेर काढली गेली होती. अर्जातल्या त्या न विचारलेल्या प्रश्नामागे अशी किंमत मोजलेली आहे. डोंगरावर सगळ्यांनी मिळून बांधलेले घर 'आपले' कसे झाले, आणि त्या 'आपले' या शब्दाचा अर्थ कुणी ठरवला, हा या लेखाचा विषय आहे.

वर्गणीतून उभे राहिलेले घर

जगातला पहिला गिर्यारोहण क्लब लंडनमध्ये १८५७ साली निघाला. तो निवडक इंग्रज गृहस्थांचा होता. पर्वत स्वित्झर्लंडमध्ये, क्लब लंडनमध्ये. डोंगरावर घर बांधण्याशी त्याला कर्तव्य नव्हते. १८६२ मध्ये व्हिएन्नात काही विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने ऑस्ट्रियन आल्पाइन क्लब स्थापन झाला. तोही सुरुवातीला व्याख्याने आणि वार्षिक अंक यांतच रमला.

हे चित्र बदलले ते फ्रान्झ झेन या एका धर्मगुरूमुळे. ओट्झटाल खोऱ्याच्या टोकाला फेंट नावाचे लहानसे गरीब गाव आहे. झेन तिथल्या चर्चचा पाद्री होता. आपल्या डोंगरात शहरातले लोक आले तर गावाला चार पैसे मिळतील, हे त्याने ओळखले. त्याने पाहुण्यांना स्वतःच्या घरात उतरवले, वाटा बांधल्या, गावातल्या तरुणांना वाटाडे म्हणून तयार केले आणि या सगळ्यात पदरमोड केली. १८६९ मध्ये झेन, प्रागचा व्यापारी योहान श्ट्यूड्ल आणि त्यांचे सहकारी यांनी म्युनिकमध्ये जर्मन आल्पाइन क्लब काढला. १८७३ मध्ये जर्मन व ऑस्ट्रियन क्लब एक झाले.

या संयुक्त क्लबची रचना समजून घेणे महत्त्वाचे आहे, कारण पुढचे सगळे तिच्यातून घडले. क्लब एक, पण शाखा गावोगावी. सभासद व्हायचे ते शाखेचे. प्रत्येक शाखेने आल्प्समधला एखादा भाग आपला मानायचा, तिथल्या वाटा आखायच्या आणि निवारा बांधायचा. त्यामुळे डोंगराच्या नकाशावर शहरांची नावे उमटली. बर्लिनच्या शाखेने टिरोलमधल्या त्सिलरटाल पर्वतात १८७९ साली बर्लिनर ह्यूटे उघडला. दोन हजार मीटरहून उंच असलेला हा निवारा पुढे वाढत वाढत एवढा झाला की तिथे लाकडी नक्षीचे उंच भोजनगृह, टपाल कचेरी, चांभार आणि छायाचित्रे धुण्याची अंधारखोलीही होती.

चुना, तुळया, खिडक्यांची तावदाने, सगळे खेचरांच्या आणि हमालांच्या पाठीवरून वर जायचे. पैसा यायचा वर्गणीतून, देणग्यांतून. एकट्याला न परवडणारे घर हजारांनी मिळून बांधायचे आणि वाटून वापरायचे, हे तिचे अर्थशास्त्र होते. सभासदाला झोपायच्या जागेत अग्रक्रम आणि कमी दर. बिगरसभासदाला जागा उरली तर, तीही जास्त दराने. या रचनेत न्याय होता. ज्याने भिंतीला हातभार लावला त्याला आधी आसरा. पण त्यातच दुसरीही एक गोष्ट दडलेली होती. शाखेचा सभासद कोण, हे शाखाच ठरवणार होती. काही शाखा स्त्रियांना घेत, काही घेत नसत. त्यावर फारशी चर्चाही होत नसे.

पायांना फळ्या

अजून एक गोष्ट या चित्रात नव्हती. हे सगळे निवारे उन्हाळ्यासाठी होते. हिवाळ्यात आल्प्स बंद असत. खेड्यातले लोक घरात, शहरातले लोक शहरात.

नॉर्वेत स्कीवर चालणे जुनेच होते. तिथे ते हिवाळ्यातले साधे दळणवळण होते. फ्रिट्योफ नान्सेनने १८८८ मध्ये स्कीवरून ग्रीनलंड ओलांडले आणि त्याचे वर्णन युरोपभर वाचले गेले. व्हिएन्नाच्या नैर्ऋत्येला लिलिएनफेल्ड गावाजवळ एका शेतावर एकटाच राहणाऱ्या माथियास झ्डार्स्की या विक्षिप्त माणसाने नॉर्वेहून स्की मागवल्या. आल्प्सच्या तीव्र उतारावर त्या लांबलचक फळ्या वळवता येईनात. मग त्याने त्या आखूड केल्या, पाय घट्ट धरणारी धातूची पकड बनवली, एकाच काठीच्या आधाराने वळण घेण्याचे तंत्र बसवले आणि १८९६ साली त्यावर पुस्तक लिहिले.

झ्डार्स्कीचे तंत्र पुढे मागे पडले. पण त्याची एक गोष्ट आमच्या विषयाला फार जवळची आहे: तो फुकट शिकवायचा. व्हिएन्नाहून लिलिएनफेल्डला आगगाडी जात होती. रविवारी सकाळी गाडीतून उतरणाऱ्या कारकुनांना, शिक्षकांना, कामगारांना, बायकांना आणि पोरांना तो रांगेत उभे करून, रागावून, ओरडून शिकवत असे. १९०० मध्ये त्याच्या शिष्यांचा स्की क्लब निघाला. १९ मार्च १९०५ रोजी मुकेनकोगेल डोंगरावर त्याने फाटके रोवून शर्यत घेतली, तीत एका स्त्रीसह २४ जण उतरले. स्लालम शर्यतीचा आरंभ पुष्कळ जण इथून मानतात.

तिकडे आर्लबेर्ग खिंडीत सांक्ट क्रिस्टोफ येथे एक जुनी धर्मशाळा होती. हाइनरिख नावाच्या एका अनाथ गुराख्याने, खिंडीत बर्फात सापडून मरणाऱ्या वाटसरूंसाठी ती १३८६ मध्ये उभारली, असे तिचा इतिहास सांगतो. तिच्या खर्चासाठी एक बंधुमंडळ होते. दूरदूरचे लोक त्यात नाव नोंदवून वर्गणी देत. ३ जानेवारी १९०१ रोजी तिथे स्कीवरून आलेल्या काही मित्रांनी पाहुण्यांच्या वहीतच नोंद करून 'स्की क्लब आर्लबेर्ग' स्थापन केला. पाचशे वर्षांच्या निवाऱ्यात एक नवा क्लब जन्मला, तोही वहीतल्या चार ओळींनी.

या खिंडीच्या पायथ्याशी असलेले सांक्ट आंटोन हे गाव जगप्रसिद्ध झाले, त्यात दोन माणसांचा वाटा मोठा आहे. हान्नेस श्नायडर हा तिथला शिक्षक. आजच्या स्कीच्या शाळांची पद्धत बऱ्याच अंशी त्याची. आणि रुडोल्फ गोम्पर्त्स हा अभियंता. विसाव्या शतकाच्या आरंभी तो प्रकृतीसाठी सांक्ट आंटोनला आला आणि तिथलाच झाला. गावाची जाहिरात, वाटा, शर्यती, हिमप्रपातांचा अभ्यास, पाहुण्यांची सोय, सगळे त्याने उभे केले. गोम्पर्त्स प्रोटेस्टंट होता, पण जन्माने ज्यू कुटुंबातला. हे कुणाच्या ध्यानात असण्याचे कारण अजून निर्माण व्हायचे होते.

स्की आल्या आणि निवाऱ्यांचा अर्थ बदलला. उन्हाळ्यात रात्र उघड्यावर काढता येते. हिवाळ्यात निवाऱ्याचे दार बंद म्हणजे मृत्यू. म्हणून बंद निवाऱ्यांतही एक खोली हिवाळी वाटसरूंसाठी राखली जाऊ लागली. तिथे लाकडे, कांबळी आणि चूल. तिची किल्ली शाखेकडून सभासदाला मिळायची. सभासदत्व हा सवलतीचा कागद होता, तो आता किल्ली झाला.

'डोंगर मोकळा'

ही किल्ली कामगाराला मिळत नव्हती. नियमाने मनाई नसली तरी वर्गणी, पोशाख, आगगाडीचे भाडे आणि मुख्य म्हणजे सुट्टी यांनी तो बाहेर राहत होता. मार्च १८९५ मध्ये व्हिएन्नाच्या 'आर्बायटर त्साइटुंग' या कामगारांच्या वृत्तपत्रात गेओर्ग श्मीडल या शिक्षकाने छोटी जाहिरात दिली: निसर्गाची आवड असणाऱ्यांनी भटकंतीचा गट काढण्यासाठी संपर्क साधावा. प्रतिसाद देणाऱ्यांत आलोइस रोराउअर हा लोहारकाम करणारा कारागीर होता, आणि कार्ल रेनर हा विद्यार्थी. रेनर पुढे ऑस्ट्रियाच्या प्रजासत्ताकाचा पहिला चॅन्सेलर आणि दुसऱ्या महायुद्धानंतर राष्ट्राध्यक्ष झाला. त्या वर्षी 'नाटूरफ्रॉइंडे', म्हणजे निसर्गमित्र, ही संस्था सुरू झाली. हस्तांदोलन करणारे दोन हात आणि तीन डोंगरी फुले हे तिचे चिन्ह.

निसर्गमित्रांची सहल कुटुंबाची सहल असे. नवरा डोंगरावर आणि बायको-मुले घरी, हे कामगाराच्या एकुलत्या एक रविवारी चालण्यासारखे नव्हते. १९०७ मध्ये टिरोलमध्ये त्यांचा पहिला स्वतःचा निवारा, पाडास्टरयोखहाउस, उघडला. पुढे अनेक निवारे झाले. बांधकामाला लागणारा पैसा त्यांच्याकडे कमी होता, हात मात्र पुष्कळ. गवंडी, सुतार, लोहार हे सभासदच. शनिवारी कारखाना सुटला की सामान पाठीवर घेऊन वर जायचे आणि रविवारी भिंत चढवायची. आपल्याकडे ज्याला आपण श्रमदान म्हणतो, त्याचेच हे रूप. क्लबच्या घरासाठी वर्षातले काही दिवस काम करण्याची जी अट आज अमेरिकेपासून न्यूझीलंडपर्यंतच्या स्की क्लबांत असते, तिच्यामागची जाणीवही हीच: पैसा नसेल तर श्रम घाल, घर तुझेही आहे.

१९१८ नंतर आठ तासांचा दिवस आला. १९१९ मध्ये समाजकल्याण मंत्री फर्डिनांड हानुश याच्या कारकिर्दीत कामगारांना पगारी रजेचा कायदा झाला. डोंगरावर जायला लागणारा वेळ पहिल्यांदाच कायद्याने मिळाला आणि निसर्गमित्रांची संख्या झपाट्याने वाढली. जुन्या क्लबचे लोक भेटल्यावर 'बेर्ग हाइल' म्हणत, म्हणजे डोंगराचा जयजयकार. निसर्गमित्र म्हणू लागले 'बेर्ग फ्राय', डोंगर मोकळा. या दोन शब्दांत एक राजकीय मागणी होती. जंगले सरदारांची, शिकारीची, वाटा बंद. त्या खुल्या करा. ऑस्ट्रियात जंगलात मोकळेपणाने फिरण्याचा सर्वसाधारण हक्क कायद्याने मिळाला तो १९७५ मध्ये.

पोटनियमातला एक शब्द

आता त्या दुसऱ्या दाराकडे वळू, जे उघडायच्या ऐवजी बंद होत गेले.

ऑस्ट्रियात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनच व्यायामशाळा आणि विद्यार्थी संघटनांच्या घटनेत 'आर्य कलम' घुसू लागले होते: ज्यू वंशाच्या व्यक्तीला सभासद होता येणार नाही. आल्पाइन क्लबच्या व्हिएन्ना शाखेने ते १९०५ मध्ये स्वीकारले. तरी ते अपवाद होते. पहिल्या महायुद्धात साम्राज्य कोसळले. १९१९ च्या तहाने दक्षिण टिरोल इटलीकडे गेला आणि तिथले कितीतरी निवारे क्लबच्या हातून गेले. पराभव, उपासमार, महागाई, पूर्वेकडून आलेले निर्वासित. या सगळ्याला कुणीतरी जबाबदार हवा होता.

क्लबच्या सर्वांत मोठ्या शाखांपैकी एक असलेल्या 'ऑस्ट्रिया' शाखेचे अध्यक्षपद १९२१ मध्ये एडुआर्ड पिख्लकडे आले. तो नावाजलेला गिर्यारोहक होता आणि तरुणपणापासून कट्टर ज्यूद्वेष्टा. त्याच वर्षी शाखेने आर्य कलम मंजूर केले. शाखेत ज्यू सभासद पुष्कळ होते, काही दशकांचे जुने. त्यांनी आणि हे कलम न पटलेल्या ख्रिस्ती सभासदांनी मिळून 'डोनाउलांड' नावाची नवी शाखा काढली. क्लबच्या रचनेत ते बसत होते. मूळ संस्था एकच, शाखा वेगळी. विक्टर फ्रांकल हा तरुण डॉक्टर डोनाउलांडचा सभासद होता. 'मॅन्स सर्च फॉर मीनिंग' या पुस्तकामुळे तो मराठी वाचकांनाही परिचित आहे. संगीताचा अभ्यासक योसेफ ब्राउनश्टाइन हा शाखेच्या वार्तापत्राचे काम पाही.

पिख्ल आणि त्याच्या मित्रांना शाखा बदलून भागणार नव्हते. डोनाउलांड मूळ संस्थेतच नको, नाहीतर ऑस्ट्रियातल्या शाखा बाहेर पडतील, असा त्यांनी धाक घातला. बहुसंख्य जर्मन शाखांना सुरुवातीला हे मान्य नव्हते. पण क्लब फुटेल ही भीती त्यांना तत्त्वापेक्षा मोठी वाटली. ज्यूद्वेषाने ठराव मांडला आणि ऐक्याच्या काळजीने तो मंजूर केला, असे म्हणता येईल. दरम्यान १९२३ मध्ये ऑस्ट्रियन स्की महासंघानेही आर्य कलम स्वीकारले होते, आणि न पटलेल्या क्लबांना वेगळा महासंघ काढावा लागला होता. मग १४ डिसेंबर १९२४ ची ती म्युनिकची सभा.

ठरावाच्या बाजूने एक युक्तिवाद तेव्हा होता आणि कुठल्याही क्लबच्या बाबतीत तो आजही ऐकू येतो. क्लब ही खाजगी मंडळी आहे. कुणाला घरात घ्यायचे हा घरच्यांचा प्रश्न. हा युक्तिवाद सहजासहजी मोडीत काढता येत नाही. माणसांना आपल्या आवडीच्या माणसांबरोबर राहण्याचा हक्क असतोच. पण इथे त्याला दोन उत्तरे आहेत. पहिले हिशेबाचे. निवाऱ्यांच्या भिंतींत ज्यूंची अनेक वर्षांची वर्गणी आणि देणग्या होत्या. घरच्यांनी पाहुण्याला नाकारले असे हे नव्हतेच. घर बांधणाऱ्यांपैकीच काहींना बाहेर काढले गेले होते. दुसरे उत्तर हवामानाचे. सात हजार फुटांवर, संध्याकाळी, वारा सुटला असताना आसपास दुसरे घर नसते. तिथे दार हे खाजगी राहत नाही. आर्लबेर्गच्या त्या गुराख्याला हे १३८६ मध्ये समजले होते. आता काही निवाऱ्यांच्या दारांवर, ज्यू आणि डोनाउलांडचे सभासद इथे नकोत, अशा पाट्या लागल्या.

दोन बर्लिनी घरे

डोनाउलांडने स्वतंत्र क्लब म्हणून काम चालू ठेवले. बर्लिन शाखेतल्या उदारमतवादी सभासदांनी निषेध म्हणून शाखा सोडली आणि १९२५ मध्ये वेगळा क्लब काढला. दोन्ही क्लबांना आता स्वतःचे छप्पर हवे होते. बर्लिनकरांनी जागा निवडली ती त्सिलरटालमध्येच, सुमारे अडीच हजार मीटर उंचीवर, फ्रीझेनबेर्ग तळ्याच्या काठी. १९२८ मध्ये काम सुरू झाले आणि फ्रीझेनबेर्गहाउस ही दगडी इमारत उभी राहिली. त्याच पर्वतरांगेत जुन्या शाखेचा, टपाल कचेरीवाला बर्लिनर ह्यूटे होता. एकाच शहराची, एकाच डोंगरातली दोन घरे. एकाच्या दाराशी वंश विचारला गेला म्हणून दुसरे बांधावे लागले.

त्या घराला मोकळी वर्षे फार थोडी मिळाली. १९३३ मध्ये जर्मनीत हिटलर सत्तेवर आला. बर्लिनच्या क्लबला गाशा गुंडाळावा लागला आणि त्याने निवारा व्हिएन्नाच्या डोनाउलांडकडे सोपवला. निसर्गमित्रांवर जर्मनीत १९३३ मध्ये आणि ऑस्ट्रियात फेब्रुवारी १९३४ च्या यादवीनंतर बंदी आली. रविवारच्या घामाने बांधलेले त्यांचे निवारे जप्त झाले. मार्च १९३८ मध्ये जर्मन सैन्य ऑस्ट्रियात शिरले. डोनाउलांड बरखास्त झाले, फ्रीझेनबेर्गहाउस हिसकावले गेले आणि पुढे सैन्याच्या वापरात आले.

माणसांचे काय झाले? हान्नेस श्नायडरला १९३८ मध्ये अटक झाली. तो ज्यू नव्हता, पण नाझींना न मानणारा आणि गोम्पर्त्सचा मित्र होता. १९३९ मध्ये तो अमेरिकेत न्यू हॅम्पशरला गेला आणि तिथे त्याने स्कीचे शिक्षण रुजवले. ब्राउनश्टाइन न्यूयॉर्कला पोहोचला. फ्रांकलला १९४२ मध्ये टेरेझिनश्टाटच्या छावणीत नेले, तिथून आउशविट्झला. तो वाचला, त्याचे आई-वडील, भाऊ आणि पत्नी वाचली नाहीत. रुडोल्फ गोम्पर्त्स, ज्याने एका खेड्याला जगाच्या नकाशावर आणले, त्याला १९४२ मध्ये सांक्ट आंटोनमधून व्हिएन्नाला आणि तिथून मिन्स्कजवळच्या माली ट्रोस्टिनेट्सला नेऊन ठार मारण्यात आले. १९२१ चा पोटनियम आणि १९४२ ची गोळी यांच्यात सरळ रेषा काढणे इतिहासाला धरून होणार नाही. पोटनियमाला हात वर करणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या मनात खून नव्हता. पण शेजारी बसून जेवलेल्या माणसाला 'हा आपल्यातला नाही' असे म्हणण्याची सवय एका क्लबमध्ये, सभेच्या नियमांनुसार, मोजून घेतलेल्या मतांनी लागली होती. सरकारने पुढे तेच केले तेव्हा डोंगरावर विरोध करायला फारसे कुणी उरले नव्हते.

युद्धानंतर फ्रीझेनबेर्गहाउस डोनाउलांडच्या वाचलेल्या मूठभर सभासदांना परत मिळाले. एवढा मोठा निवारा चालवायला माणसे नव्हती, आणि १९६८ मध्ये तो बर्लिन शाखेकडे गेला. १९२५ मध्ये ज्या शाखेतून बाहेर पडून लोकांनी हे घर बांधले, त्याच शाखेकडे. शाखेने पुढे या वारशाची जबाबदारी उचलली. २००३ पासून असहिष्णुता आणि द्वेष यांच्याविरुद्धच्या शिक्षणाचे आंतरराष्ट्रीय केंद्र म्हणूनही तो निवारा ओळखला जातो. तळ्याकाठी आज स्कीवाले आणि पायी चालणारे दोघेही उतरतात. पिख्लच्या नावाचाही एक निवारा होता, कार्निक आल्प्समध्ये. त्याचे नाव २००२ मध्ये बदलून शेजारच्या तळ्यावरून ठेवले गेले.

आपल्या पंगती

मराठी वाचकाला ही गोष्ट परकी वाटण्याचे कारण नाही. मुंबईच्या किनाऱ्यावर पारशी जिमखाना १८८५ मध्ये आणि हिंदू जिमखाना १८९४ मध्ये स्थापन झाला. शेजारी इस्लाम आणि कॅथलिक जिमखाने. धर्मवार संघांचे क्रिकेट सामने १९४६ पर्यंत चालले. पळवणकर बाळू हा त्या काळातला भारताचा सर्वश्रेष्ठ फिरकी गोलंदाज. पुण्यात त्याने टाकलेला चेंडू सवर्ण हातांना चालत होता. चहा मात्र त्याला पॅव्हिलियनबाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळत असे. थंड हवेच्या ठिकाणी ज्ञातीबांधवांनी वर्गणी काढून बांधलेली आरोग्यभवने आपल्याकडे अजून आहेत. त्यामागे आपुलकी होती, बचत होती, आपल्या माणसांची सोय पाहण्याची सद्बुद्धीही होती. तीच आपुलकी दारावरची पाटी कधी होते, ते आतल्यांना सहसा कळत नाही. ते बाहेर उभा असलेला सांगू शकतो.

एक फरकही नोंदवायला हवा. भारतात स्की क्लब नव्हताच असे नाही. १९२७ मध्ये गुलमर्गला ब्रिटिश अधिकाऱ्यांनी स्की क्लब ऑफ इंडिया काढला. राज्यकर्ते गेले तेव्हा त्यांची मंडळीही पांगली. स्वातंत्र्यानंतर गुलमर्गचे स्कीइंग पुढे नेले ते मुख्यतः सरकारी प्रशिक्षण संस्थेने आणि हॉटेलांनी. हॉटेल पैसे देणाऱ्या कुणालाही घेते, हा त्याचा मोठा गुण. पण हॉटेलात आपण गिऱ्हाईक असतो. लाकडे फोडावी लागत नाहीत आणि घर आपले होत नाही. श्रमाने आणि वर्गणीने मिळणारा तो आपलेपणा हवा असेल, तर त्याच्याबरोबर 'आपले कोण' हा प्रश्नही येतो. तो टाळता येत नाही, पुन्हा पुन्हा सोडवावा लागतो.

जर्मन आल्पाइन क्लबचे आज सुमारे १५ लाख सभासद आहेत. त्यांतल्या बहुतेकांना अर्ज भरताना १९२४ आठवत नसेल, आणि मुलांना बर्फात न्यायला निघालेल्या आई-बापांनी इतिहासाचे ओझे पाठीवर घेतलेच पाहिजे असेही नाही. स्की, खाऊ आणि सुके मोजे यांचेच ओझे पुष्कळ असते. तरी कुटुंबाला सामावून घेणारा क्लब शोधताना मुलांच्या खाटा किती आणि चूल कशी एवढेच पाहू नये. कामाची पाळी सगळ्यांना सारखी येते का, नव्या सभासदाला सभेत बोलता येते का, पोटनियमांत 'कोण नको' असे एखादे वाक्य कुठे दडले आहे का, हेही वाचावे. फ्रीझेनबेर्गहाउस बांधणाऱ्यांनी हे वाक्य वाचले होते, म्हणून त्यांना पुन्हा पायापासून दगड रचावे लागले.